तीन, सहा, तीन, चार : बॉम्बे रक्तगटाचा इतिहास

(१)
आई आणि वडील दोघांचाही रक्तगट ‘ओ’ असेल, तर अपत्याचा गट ‘ओ’च असणार. हा नियम आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेला असतो. गेल्या शतकात याच नियमाच्या आधारे न्यायालयांनी पितृत्वाचे वाद तोलले आणि घराघरांत संशय जन्मले किंवा मिटले. १९५२ साली मुंबईतील तीन डॉक्टरांसमोर असे रक्त आले, की त्यातून पुढे या नियमाची मर्यादा उघड झाली. आजचा धागा त्या रक्ताचा, त्यामागील दोन जनुकांचा आणि त्यांनी बदललेल्या एका गुणोत्तराचा इतिहास सांगतो. थोडी आकडेमोड करावी लागेल. या कथेत आकडेमोड हेच अस्सल साधन आहे, जसे आपल्या अभ्यासात शिलालेख किंवा बखर.

(२)
प्रारंभ मेंडेलपासून करू. ब्र्यून येथील मठात राहणाऱ्या या धर्मगुरूने १८६५ साली वाटाण्यावरील आपले प्रयोग व्याख्यानांतून मांडले आणि १८६६ साली ते छापून प्रसिद्ध झाले. पिवळे-गोल आणि हिरवे-सुरकुतलेले दाणे यांच्या संकरातून दुसऱ्या पिढीत त्याला ५५६ दाणे मिळाले : ३१५ पिवळे-गोल, १०१ पिवळे-सुरकुतलेले, १०८ हिरवे-गोल आणि ३२ हिरवे-सुरकुतलेले. हे जवळजवळ ९:३:३:१ आहे. रंगाचे जनुक आणि आकाराचे जनुक एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत, आपापल्या वाटेने पुढच्या पिढीत जातात, असा याचा अर्थ. १९०० साली हा निबंध नव्याने उजेडात आला आणि आनुवंशिकीचे युग सुरू झाले.

(३)
परंतु लवकरच काही गणिते ‘चुकू’ लागली. केंब्रिजमध्ये विल्यम बेटसन, एडिथ सॉंडर्स आणि रेजिनाल्ड पनेट यांनी स्वीट पी या फुलझाडाच्या दोन पांढऱ्या वाणांचा संकर केला. दोन्ही पालक पांढरे, म्हणजे संतती पांढरीच हवी. प्रत्यक्षात फुले जांभळी आली. त्यांच्या पुढच्या पिढीत सोळांपैकी नऊ जांभळी आणि सात पांढरी या प्रमाणात झाडे दिसली. दोन पांढऱ्यांच्या पोटी जांभळे फूल : हे चित्र लक्षात ठेवा. पुढे माणसांच्या घरात ते पुन्हा भेटणार आहे.

(४)
बेटसनने उलगडा असा केला : जांभळा रंग तयार होण्यास दोन वेगवेगळी जनुके लागतात. एका वाणात पहिले जनुक निकामी होते, दुसऱ्या वाणात दुसरे. संकरात दोघांकडून एकेक चांगली प्रत मिळाली आणि रंग उमटला. ९:३:३:१ हे प्रमाण मोडले नव्हते. त्यातील ३, ३ आणि १ हे तिन्ही गट डोळ्यांना सारखेच पांढरे दिसत असल्याने त्यांची बेरीज ७ झाली होती. एक जनुक दुसऱ्याचा परिणाम झाकते, तेव्हा त्या झाकण्याला त्याने ग्रीक शब्दांवरून नाव दिले, ‘एपिस्टॅसिस’. शब्दशः अर्थ ‘वर उभे राहणे’.

(५)
सोलापूरकरांसाठी याचे उदाहरण शेताच्या बांधावरच आहे. आपला जिल्हा ज्वारीचे कोठार. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण कित्येक दशके रब्बीचा राजा राहिला. मालदांडीचा दाणा मोत्यासारखा पांढरा असतो. ज्वारीत तांबड्या आणि पिवळ्या दाण्यांचेही वाण आहेत. दाण्याच्या सालीचा रंग मुख्यतः दोन जनुके ठरवतात : एक रंग निर्माण होऊ देते, दुसरे त्या रंगाला तांबडेपणा देते.

(६)
पहिले जनुक चालू आणि दुसरेही चालू, तर दाणा तांबडा. पहिले चालू, दुसरे बंद, तर दाणा पिवळा. पहिलेच बंद असेल, तर दुसरे चालू असो वा बंद, दाणा पांढरा. कारण तांबडे करायला मुळात रंगच नाही. रंगारी हजर आहे, पण कापडच आले नाही, तर तो रंगवणार काय? म्हणून दोन्ही जनुकांच्या मिश्र जोड्या असलेल्या झाडांच्या पुढील पिढीत ९ तांबडे, ३ पिवळे आणि ४ पांढरे असे प्रमाण येते. या पांढऱ्या चारांपैकी तिघांच्या पोटात ‘तांबडेपणा’चे चालू जनुक गुपचूप बसलेले असते. दाण्याकडे पाहून ते कळत नाही, त्याच्या संततीकडे पाहून कळते.

(७)
आता रक्ताकडे. व्हिएन्नात कार्ल लॅंडस्टायनरने १९०१ साली दाखवले, की एका माणसाचे रक्तद्रव दुसऱ्याच्या तांबड्या पेशींचे पुंजके करते, पण प्रत्येक वेळी नाही. यातून ए, बी आणि ओ हे गट ठरले. एबी हा चौथा गट पुढच्याच वर्षी त्याच्या सहकाऱ्यांनी नोंदवला. ए गटाच्या पेशींवर ए ही खूण असते, बी गटाच्या पेशींवर बी, एबीवर दोन्ही, ओवर दोहोंपैकी एकही नाही. पेशींवर जी खूण नाही, तिच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये मात्र रक्तद्रवात सज्ज असतात. चुकीचे रक्त दिल्यास माणूस दगावतो तो याच कारणाने.

(८)
या गटांचा वारसा कसा चालतो, यावर पहिला तर्क दोन जनुकांचाच होता. १९१० साली एमिल फॉन डुंगर्न आणि लुडविक हिर्शफेल्ड यांनी ए आणि बी यांसाठी दोन स्वतंत्र जनुके मानली. याच हिर्शफेल्डने पहिल्या महायुद्धात, पत्नी हॅना हिच्यासह, सालोनिका आघाडीवर निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले. त्यांत हिंदुस्थानी सैनिकही होते. १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत हिंदुस्थानी सैनिकांमध्ये बी गटाचे प्रमाण युरोपीयांच्या तुलनेत बरेच जास्त दिसले. आपल्या लोकांचे रक्त या विज्ञानाच्या दप्तरात अशा रीतीने, परक्यांच्या युद्धातील शिपाई म्हणून, दाखल झाले.

(९)
दोन जनुकांचा हा तर्क १९२४ साली फेलिक्स बर्नस्टाइन या जर्मन गणितज्ञाने खोडून काढला, आणि तोही प्रयोगशाळेत पाऊल न ठेवता, निव्वळ गुणोत्तरांच्या बळावर. लोकसंख्येतील चार गटांचे प्रत्यक्ष प्रमाण दोन स्वतंत्र जनुकांच्या हिशोबाशी जुळत नव्हते. एकाच जागेवरील एका जनुकाची ए, बी आणि ओ अशी तीन रूपे मानली, की ते चपखल जुळत होते. यातून कडक नियम निघाले : ओ आणि ओ यांचे मूल ओच, एबी पालकाचे मूल ओ कधीच नाही, एबी आणि एबी यांची मुले ए, एबी आणि बी यांपैकी एक, १:२:१ या प्रमाणात.

(१०)
नियम इतके नेमके होते, की न्यायालयांना त्यांचा मोह पडावा. जर्मनीत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच पितृत्वाच्या दाव्यांत रक्तगटांचा पुरावा येऊ लागला. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याचे ११२ वे कलम अधिक सावध होते : वैध विवाह चालू असताना जन्मलेले मूल औरसच मानावे, पती-पत्नीचा संबंधच शक्य नव्हता असे सिद्ध झाल्यावाचून ती धारणा हलवू नये. सर्वोच्च न्यायालयानेही १९९३ साली गौतम कुंडू खटल्यात सांगितले, की रक्ततपासणीचा आदेश सर्रास देता येणार नाही. हा सावधपणा केवळ सामाजिक शहाणपणाचा नव्हता. त्याला शास्त्राचाही आधार होता, हे आता दिसेल.

(११)
मे १९५२. ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटे टिपण आले : एबीओ पद्धतीशी संबंधित असलेल्या एका ‘नव्या’ रक्तगुणाविषयी. लेखकांत पहिली तीन नावे मुंबईची : डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया. पुढची नावे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील : रूथ सॅंगर आणि रॉबर्ट रेस हे रक्तगटांचे जाणकार, आणि वॉल्टर मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स हे त्या खुणांचे रसायन उलगडणारे. स्वातंत्र्याला पाच वर्षेही झाली नव्हती. अशा काळात मुंबईच्या निरीक्षणाला प्रथम स्थान मिळाले, हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावे.

(१२)
टिपणातील नमुने तीन व्यक्तींचे. त्यांच्या पेशींवर ए नव्हता, बीही नव्हता. म्हणजे वरवर पाहता गट ओ. पण त्यांच्या रक्तद्रवाने ओ गटाच्या पेशींचेही पुंजके केले! ओ हा तर सर्वांना चालणारा दाता. ओच्या पेशींवर हल्ला करण्यासारखे आहे तरी काय? उत्तर होते ‘एच’. मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी १९४८ साली हे नाव सुचवले होते. ओ गटाच्या पेशी कोऱ्या नसतात, त्यांच्यावर एच नावाची शर्करेची खूण असते. या तिघांच्या पेशींवर तीही नव्हती, आणि म्हणून त्यांच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिद्रव्य होते.

(१३)
याचा व्यवहारातील अर्थ भयंकर आहे. केवळ पेशी तपासल्या, तर अशा माणसाच्या कागदावर ‘ओ’ असे उमटते. त्या कागदावर विसंबून त्याला ओ गटाचे रक्त दिले, तर त्याचे स्वतःचेच प्रतिद्रव्य त्या रक्ताच्या पेशी फोडते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि प्राणही जाऊ शकतो. त्याला ए चालत नाही, बी चालत नाही, एबी नाही, ओही नाही. चालते ते केवळ त्याच्यासारख्याच दुसऱ्या माणसाचे रक्त. शास्त्राच्या इतिहासात डॉक्टरांची नावे राहिली. त्या तिघांची ओळख मात्र शहराच्या नावात विरून गेली.

(१४)
शहराचे नाव कसे लागले? १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांना इटालियन वंशाच्या एका कुटुंबात हाच प्रकार आढळला, आणि त्यांनी मुंबईची आठवण ठेवून त्याला ‘बॉम्बे’ म्हटले. या कुटुंबातील स्त्रीचा रक्तगट तपासणीत ओसारखा दिसत होता. पण तिच्या पालकांपैकी एकजण एबी गटाचा होता, आणि एबी पालकाचे मूल ओ असूच शकत नाही. त्याहून विलक्षण म्हणजे, स्वतःच्या पेशींवर बीची खूण नसलेल्या या स्त्रीने आपल्या अपत्याला बी दिला होता. जे तिच्याजवळ ‘नव्हते’, ते तिने पुढच्या पिढीला दिले.

(१५)
लेव्हिनच्या निबंधाच्या शीर्षकातच उत्तर होते : जनुकांच्या परस्परक्रियेमुळे बी या खुणेचे दबले जाणे. त्या स्त्रीजवळ बीचे जनुक शाबूत होते, पण दुसऱ्या एका जनुकाने त्याला बोलू दिले नाही. पुढील वर्षांत वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी कामाचा क्रम मांडला. आधी एच हे जनुक पेशीवरील साखळीच्या टोकाला फ्यूकोज ही शर्करा जोडते. ही एचची खूण. मग तिच्यावर ए जनुकाचे एन्झाइम एक शर्करा जोडते किंवा बी जनुकाचे दुसरी. ओ रूपाचे एन्झाइम निकामी असल्याने एच तसाच राहतो. एच ही बैठक. ए आणि बी तिच्यावर बसतात. बैठकच घातली नाही, तर बसणार कुठे?

(१६)
आता गुणोत्तर मांडू. एक जोडपे घ्या : दोघेही एबी गटाचे, आणि दोघांकडेही एचची एक प्रत चालू, एक बंद. चालू प्रत प्रभावी असल्याने दोघे पूर्ण निरोगी, त्यांना कशाचाच पत्ता नाही. मुलांच्या शक्यतांचे सोळा वाटे करू. त्यांपैकी बारा वाट्यांत एचची निदान एक चालू प्रत येते, आणि त्यांत बर्नस्टाइनचे १:२:१ नीट चालते : ३ ए, ६ एबी, ३ बी. उरलेल्या चार वाट्यांत एचच्या दोन्ही प्रती बंद. आतील जनुके ए असोत, बी असोत, दिसणार ओ. म्हणून प्रमाण ३:६:३:४.

(१७)
हा शेवटचा ‘४’ पुन्हा पाहा. बर्नस्टाइनच्या नियमानुसार एबी आणि एबी यांच्या पोटी ओ मूल येण्याची शक्यता शून्य. येथे ती सोळांत चार, म्हणजे चारांत एक. आणि उलट बाजू : बॉम्बे गटाची एक व्यक्ती, जिच्या आत बीचे जनुक झाकलेले आहे, आणि साध्या ओ गटाचा जोडीदार. दोघांच्याही कागदावर ‘ओ’. जोडीदाराकडून एचची चालू प्रत येताच मुलाच्या पेशींवर बी उमटू शकतो. स्वीट पीच्या दोन पांढऱ्या फुलझाडांना जांभळे फूल आले, तसेच हे. फरक एवढाच, की फुलझाडाला कोणी त्याच्या चारित्र्याविषयी प्रश्न विचारत नाही. अशा घरात प्रश्न विचारला जातो, आणि तो बहुधा बाईलाच विचारला जातो.

(१८)
सोळा वाट्यांच्या या गणितामागे एक अट आहे : दोन्ही जनुके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाटली जावीत. एबीओचे जनुक नवव्या गुणसूत्रावर आणि एचचे एकोणिसाव्या, म्हणून येथे अट पाळली जाते. जनुके एकाच गुणसूत्रावर जवळ असती, तर प्रमाण आणखी वेगळे आले असते. अशा शेजारी जनुकांमधील अंतर संततीच्या प्रमाणांवरून मोजण्याचे एक सूत्र १९४४ साली ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि जगभरचे आनुवंशिकीतज्ज्ञ ते आजही वापरतात. त्याचा कर्ता तेव्हा पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होता. नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. होय, तेच, ज्यांचा १९५६ चा भारतीय इतिहासाचा ग्रंथ आपल्या अभ्यासक्रमात असतो.

(१९)
इतिहासाचा खरा प्रश्न पुढे आहे : हे रक्त आपल्याकडेच इतके का? युरोपात ते सुमारे दहा लाखांत एकाकडे आढळते. मुंबईत १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रमाण ७,६०० मध्ये एक असे आले. ही पाहणी भाटियांनीच एका सहकाऱ्यासह केली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. आज परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्था ही त्याचीच पुढची अवस्था. अपवादाची नोंद करून न थांबता त्याच्या मागावर राहण्याची ही चिकाटी महत्त्वाची आहे.

(२०)
१९६२ साली भाटिया आणि एल. डी. संघवी यांनी बॉम्बे गटाच्या व्यक्तींच्या घराण्यांकडे पाहिले. त्यांच्या आईवडिलांमध्ये नात्यातील विवाहांचे प्रमाण ठळकपणे जास्त होते. संघवी हे याआधीच मुंबईतील अंतर्विवाही गटांच्या जनुकीय वैशिष्ट्यांवर डॉ. खानोलकरांबरोबर काम केलेले संशोधक. आणि याच सुमारास, १९५३ साली, इरावती कर्वे यांनी भारतीय नातेव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण या दोन पद्धतींच्या सांध्यावर ठेवले होते. उत्तरेत नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत मामाची मुलगी, आत्याचा मुलगा, क्वचित सख्खा मामाही विवाहास मान्य.

(२१)
सोलापूर तर या सांध्याच्याही सांध्यावर. मराठी, कन्नड आणि तेलुगू ही तिन्ही भाषा एकाच पेठेत ऐकू येतात, आणि तिन्हींच्या नातेव्यवस्थाही शेजारी नांदतात. काका आणि मावशीची मुले म्हणजे भावंडे. मामा आणि आत्याची मुले मात्र सोयरीक जुळण्याजोगी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही जवळच्या नात्यातील विवाहाला मनाई करताना रूढीची सवलत ठेवली. या रूढीला अडाणीपणा म्हणून हिणवण्याचे कारण नाही. जमीन एकत्र राहावी, मुलगी ओळखीच्या घरात पडावी, सासू ही आत्याच असावी, असे तिचे स्वतःचे तर्क होते. पण तिचा जनुकीय हिशोबही मांडलाच पाहिजे.

(२२)
मांडू. बॉम्बे गट ७,६०० मध्ये एक असेल, आणि विवाह नात्याबाहेर सरमिसळ होत असतील असे धरले, तर एचची बंद प्रत सुमारे ८७ प्रतींमध्ये एक निघते (८७ चा वर्ग सुमारे ७,६००). म्हणजे साधारण दर ४४ माणसांत एकजण ती मूकपणे वाहतो. आता हेच जनुक घेऊन मामे-आते भावंडांचा विवाह पाहा : मूल बॉम्बे गटाचे असण्याची शक्यता सुमारे १,२०० मध्ये एक. मामा-भाचीच्या विवाहात सुमारे ६५० मध्ये एक. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा स्पष्ट आहे. आणि हेही स्पष्ट आहे, की बहुसंख्य मुले तरीही या गटाची नसतात.

(२३)
शेवटचा पुरावा रेणूंच्या पातळीवर मिळाला. १९९० साली एचचे जनुक वेगळे काढण्यात आले. १९९४ साली बॉम्बे गटात त्यात बिघाड असतो हे सिद्ध झाले, आणि १९९७ साली भारतीय नमुन्यांतील नेमका बिघाड नोंदवला गेला : जनुकाच्या ७२५ व्या अक्षराच्या जागी दुसरे अक्षर. त्यामुळे ३६५ अमिनो आम्लांच्या एन्झाइममध्ये २४२ व्या जागी ल्यूसीनऐवजी आर्जिनीन येते आणि ते फ्यूकोज जोडू शकत नाही. याच खुणेचा मागोवा हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरही लागतो, जेथे वसाहतकाळात भारतातून मजूर नेले गेले. जहाजांच्या याद्या हरवतात. रक्तातील अक्षर हरवत नाही.

(२४)
आपल्या विषयासाठी यातून एक पद्धतीचा धडा घेता येतो. बर्नस्टाइनचा नियम चूक नव्हता. त्याची मर्यादा अशी, की तो ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ यांना एकच समजत होता. ओ दिसणाऱ्या व्यक्तीत बी नसेलच, हे गृहीत धरलेले होते. आपणही दप्तरांत एखाद्या समाजाचे, स्त्रियांचे, बलुतेदारांचे नाव दिसले नाही, की ते तेथे नव्हतेच असे लिहून मोकळे होतो. कधी त्यांचा ठसा उमटण्यासाठी लागणारी बैठकच कोणी घातलेली नसते. अशा वेळी पुढच्या पिढीत, शेजारच्या साधनात, उलट तपासात शोधावे लागते.

(२५)
रक्तपेढीतही नेमके तेच करतात. पेशी तपासून झाल्यावर रक्तद्रव ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशींबरोबर मिसळून उलट तपासणी होते. ओच्या पेशींचेही पुंजके झाले, तर सावध व्हायचे. मग एचची थेट चाचणी, जिच्यासाठी गोर्स नावाच्या युरोपीय काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात. म्हणून तातडीच्या वेळी ‘ओ आहे ना, द्या लवकर’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. जुळणी तपासण्यासाठी लागणारी ती मिनिटे वाया जात नसतात.

(२६)
आणि समजा, तुमच्या परिचयात कोणी बॉम्बे गटाचे निघाले, तर दाता कुठे शोधायचा? शहरभर संदेश फिरवण्याआधी त्या व्यक्तीच्या सख्ख्या भावंडांची तपासणी करा. आईवडील दोघेही बंद प्रत वाहणारे आहेत हे तिच्या जन्मानेच सिद्ध केलेले असते, म्हणून प्रत्येक भावंड बॉम्बे गटाचे असण्याची शक्यता चारांत एक. अर्थात, ते भावंडही जुळणी तपासूनच दाता ठरते. शहरात ही शक्यता ७,६०० मध्ये एक. घरात चारांत एक. सोळांतील ज्या ‘४’ने पुस्तकातला नियम मोडला, तोच ‘४’ दाता शोधण्याची पहिली जागा दाखवतो.